मैत्रीची झांकी

नागपूरच्या कलामहाविद्यालयातून मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटला परत आले तेव्हा माझ्या शिक्षणाचं करायचं काय, हे घरात कोणालाच नीट कळत नव्हतं, मलाही नाही. गावात चित्रं विकत घेणारं कोणी नव्हतं. एका खासगी शाळेत चित्रकला शिकवायची नोकरी मिळाली. आठवी-नववीच्या मुली वहीत डोंगर, सूर्य आणि झोपडी काढता काढता एकमेकींना सांगत असत, की आदल्या संध्याकाळी बस स्टँडच्या रस्त्यावरच्या इंटरनेटच्या दुकानात काय झालं. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. दुकानात प्लायवूडचे कप्पे होते, प्रत्येक कप्प्याला पडदा होता, आणि बहुतेक पडद्यांच्या आत एकच वेबसाइट उघडी असायची. तिथं आपलं नाव लिहायचं, स्वतःबद्दल दोन-चार ओळी टाकायच्या आणि लोकांना विचारायचं, माझे मित्र व्हाल का.

एक दिवस एका मुलीनं मला विचारलं, "मॅडम, आपके कितने दोस्त हैं?"

मी खरंच विचार करायला लागले. नागपूरच्या वसतिगृहातली एक, इथली शाळेतली एक, बाकी ओळखी. ती हसली. तिला त्या वेबसाइटवरचे मित्र म्हणायचे होते आणि तिचे स्वतःचे आमच्या अख्ख्या शाळेपेक्षा जास्त होते. त्यातल्या कितींना भेटलीस, असं विचारलं तर तिला प्रश्नच कळला नाही.

मग मीही खातं उघडलं. माझा भाऊ तेव्हा पुण्यात नोकरीला होता. त्यानं तिकडून सांगितलं, की माझ्या पानावर माझ्याबद्दल काही चांगलं लिही. आम्ही दोघं लहानपणापासून एकमेकांशी सरळ बोलल्याचं मला आठवत नाही. तरी मी त्या कप्प्यात बसून लिहिलं, की हा अतिशय मनमिळाऊ आणि समजूतदार आहे. त्यानंही परतफेड म्हणून माझ्याबद्दल जवळपास तेच लिहिलं. पुढं तो दिवाळीला घरी आला तेव्हा आम्ही नेहमीसारखे पंख्याच्या खालच्या जागेवरून भांडलो. ते चांगले शब्द आम्ही लिहिले ते नक्की कोणासाठी, हा प्रश्न मला त्या वेळी पडला आणि तो काही डोक्यातून जाईना.

हे सगळं मी बाबांना सांगायची, कारण घरात असल्या गोष्टींत रस त्यांनाच होता. बाबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते. अंगणातल्या टिनाच्या शेडमध्ये ते दिवसभर काहीतरी उघडून बसायचे, कोणाचा रेडिओ, कोणाचा मिक्सर. मी त्यांना समजावलं, की तिथं एकानं विनंती पाठवायची, दुसऱ्यानं हो म्हणायचं, की झाली मैत्री.

"मंग बोलतात काय ते?"

"फार काही नाही बोलत. पण यादीत राहतात."

बाबांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "म्हणजे लाइन जोडून ठेवली, अन् बोलणारं कोणी नाही. आमच्याकडं असं दिसलं तर आम्ही पिना काढून टाकत होतो. दुसऱ्याले लाइन पाह्यजे ना."

मग त्यांनी नोकरीच्या सुरुवातीचा, हातानं जोडायचा टेलिफोनचा बोर्ड मला कागदावर काढून दाखवला. प्रत्येक घराचं एक भोक, भोकावर एक छोटा दिवा. दिवा लागला की ऑपरेटरनं दोरीसारखी वायर घेऊन एक पिन इकडं, एक पिन तिकडं खुपसायची. गावात कोण कोणाशी किती बोलतं हे ऑपरेटरला बोर्डकडं नुसतं पाहून कळायचं, असं ते म्हणाले. मी त्या कागदाकडं पाहत राहिले. मला वाटलं, हे बनवता येईल. लोकांना आपल्या मैत्र्या हातानं जोडायला लावता येतील.

नागपूरला असताना आम्हाला शिकवलं होतं, की कलाकृती भिंतीवर टांगलेलीच असली पाहिजे असं नाही. माणूस तिच्या आत शिरू शकतो, तिला हात लावू शकतो, आणि त्याच्या हात लावण्यानंच ती पुरी होते. वर्गात त्याचे फोटो दाखवले होते, सगळे परदेशातले. बालाघाटला त्याचं नाव कोणाला सांगायची सोय नव्हती. पण आमच्याकडं गणपतीत झांकी असते. दर वर्षी प्रत्येक मोहल्ल्याचं मंडळ पुतळे, डोंगर, धबधबे करतं, मोटार लावून एखादा राक्षस हलवतं, आणि गाव रांगा लावून पाहायला जातं. झांकी म्हटलं की मला पुढचं काही समजावून सांगावं लागणार नव्हतं.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष औषधांच्या दुकानाचे मालक होते. सगळे त्यांना भैया म्हणत. दुकानाच्या मागच्या खोलीत, गोळ्यांच्या खोक्यांमध्ये बसून मी त्यांना आणि कमिटीला माझी कल्पना सांगितली. एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, की यात गणपतीचं काय काम. मी म्हटलं, गणपती मध्ये बसेल, दोन्ही बाजूंना बोर्ड. दुसऱ्यांनी विचारलं, की लोक झांकी पाहायला येतात, ती चालवायला त्यांनी काय म्हणून हात लावायचा. शेवटी भैयाच म्हणाले, की यंदा स्टेशनकडचं मंडळ इतका मोठा धबधबा करतंय, की आपण डोंगर-बिंगर केला तरी हसंच होणार. त्यापेक्षा हे वेगळं तरी आहे. अशी मला परवानगी मिळाली.

शेडमध्ये काम सुरू झालं. प्लायवूडच्या मोठ्या पाट्या आणल्या, त्यांना गडद निळा रंग दिला आणि त्यावर नावांच्या चिठ्ठ्यांसाठी चौकटी आखल्या. प्रत्येक चौकटीखाली दोन उभ्या पितळी पट्ट्या आणि एक टॉर्चचा बल्ब. डावी पट्टी देण्याची, उजवी घेण्याची. दोन्ही टोकांना चिमटे असलेली वायर घ्यायची, एक चिमटा आपल्या डाव्या पट्टीला लावायचा, दुसरा आपल्याला जो मित्र वाटतो त्याच्या उजव्या पट्टीला. मग त्याचा बल्ब लागतो. आपला नाही. आपला लागायचा तर दुसऱ्या कोणीतरी आपल्याकडं वायर आणायला हवी. एका वायरनं बल्ब जेमतेम लालसर व्हायचा. वायरी वाढल्या की उजेड वाढायचा. ही सगळी करामत बाबांची. वीज कधी जाईल याचा नेम नसल्यामुळं त्यांनी सगळं ट्रकच्या बॅटरीवर ठेवलं.

चिठ्ठीवर नाव आणि त्याखाली स्वतःबद्दल एक ओळ लिहायची, एवढा नियम मी केला होता. वेबसाइटवर लोक स्वतःबद्दल जे लिहायचे, त्याची मला गंमत वाटायची.

पहिली चाचणी घरातच झाली. बाबांनी आपलं नाव लावलं, आईचं लावलं, आणि स्वतःकडून तिच्याकडं वायर जोडली. आईचा बल्ब हळूच लाल झाला. ती पदराला हात पुसत शेडच्या दारात उभी होती. बाबा तिच्याकडं पाहून म्हणाले, "अन् माझ्याकडं?"

"सैपाक पडला आहे तिकडं," आई म्हणाली आणि आत गेली. बाबांचा बल्ब विझलेलाच राहिला आणि आम्ही दोघं बराच वेळ हसत होतो.

आईबद्दल इथंच सांगते. तिचे वडील वनखात्यात कारकून होते आणि लहानपणी ती थोडा काळ आमच्याच जिल्ह्यातल्या बैहरला होती. मग बदली होऊन ते बालाघाटला आले, इथंच तिचं लग्न झालं, आणि तेव्हापासून ती आमच्या घराची झाली. बैहरबद्दल ती एवढंच बोलायची, की तिथं थंडी कडक असायची. तिला मैत्रिणी आहेत की नाहीत, असा विचार मी कधी केला नव्हता. शेजारच्या काकू होत्या, आरतीच्या बाया होत्या. मला वाटायचं, तेवढ्या पुरतात.

गणपती बसले त्या संध्याकाळी लोक बोर्डसमोर येऊन गोंधळले. काहींना ती लॉटरी वाटली. काहींनी विचारलं, बरोबर उत्तर दिलं तर काय मिळतं. भैयांनी माइकवरून नियम सांगितले, पण पहिली वायर कोणी लावेना. मग माझ्या शाळेतल्या मुली आल्या आणि त्यांनी एका दमात एकमेकींना जोडून टाकलं. कोपऱ्यात लाल दिव्यांचा एक पुंजका झाला. तो पाहून बाकीचे पुढं आले. दुसऱ्या दिवसापासून चौकटी भरायला लागल्या.

मी रोज संध्याकाळी बाजूला खुर्ची टाकून नुसती पाहत बसायची. माझ्या कल्पनेत लोक आधी वायर जोडतील आणि मग निघून जातील. पण लोक परत यायचे. स्वतःचं नाव शोधायचे, बल्ब लागला आहे का पाहायचे, लागला असला तर वायर बोटानं धरून धरून दुसऱ्या टोकाला कोण आहे तिथवर जायचे. नावाखाली लिहिलेल्या ओळीही मजेदार होत्या. बँकेतल्या एका गंभीर साहेबांनी लिहिलं होतं, "मी विनोदी आहे." एकानं गणपतीच्याच नावाची चिठ्ठी लावली. साहजिकच सगळ्यांनी त्याच्याकडं वायरी आणल्या, आणि तो बल्ब भगभगीत पेटून एकदम गेला. बाबांनी दुसरा लावला, तोही गेला. शेवटी त्यांनी त्या चौकटीला स्कूटरच्या हेडलाइटचा बल्ब बसवला आणि भैयांना म्हणाले, की देवाले दुसरा नियम लागते.

एक-दोन दिवसांनी मला डाव्या बोर्डवर एक नवं नाव दिसलं. एका स्त्रीचं पूर्ण नाव होतं, ते मी इथं लिहीत नाही. खाली ओळ होती, "बैहर. सायकल चालवते. कोणाला भीत नाही."

तिच्याकडं आधी एकच वायर होती. पण कोणाच्या डाव्या पट्टीवरून ती आली हे त्या गुंत्यात सापडेना. लोकांना ओळ आवडली असावी. दुसऱ्या दिवशी तिच्याकडं बऱ्याच वायरी होत्या, तिसऱ्या दिवशी तर विचारूच नका. मंडपात चर्चा सुरू झाली, की ही कोण. कोणी म्हणालं, बैहरला नवीन तहसीलदारीणबाई आल्या आहेत, त्या असतील. कॉलेजच्या पोरांनी ठरवलं, की ही वीस-बावीस वर्षांची असणार, आणि भराभर चिमटे लावले. तिला पाहिलं आहे असं सांगणारेही निघाले. गणपतीखालोखाल तिचा दिवा प्रखर झाला.

मी मनातून खूश होते. मला वेबसाइटबद्दल जे दाखवायचं होतं ते माझ्या बोर्डवर आपोआप घडत होतं. कोणीतरी खोटं माणूस तयार केलं होतं, आणि गाव त्याच्याशी मैत्री करायला धावत होतं. माझा संशय शाळेतल्या मुलींवर होता. जेवताना मी हे सगळं बाबांना रंगवून सांगत होते, की बघा, जी बाई नाहीच तिचे मित्र सगळ्यांत जास्त. बाबा ऐकत होते. आई भात वाढत होती. ती म्हणाली, "नाही आहे कशावरून?"

मी म्हटलं, इतक्या दिवसांत कोणी आलं नाही ना पुढं. ती भाताचं पातेलं घेऊन आत गेली.

विसर्जनाला थोडेच दिवस उरले असताना, संध्याकाळची आरती नुकतीच संपली होती आणि बाया अजून सतरंजीवर बसल्या होत्या, तेव्हा खाकी शर्ट घातलेला एक चाळिशीचा माणूस डाव्या बोर्डसमोर येऊन उभा राहिला. त्याच्या खांद्याला कंडक्टरची चामडी बॅग होती. तो त्या एका चौकटीसमोरून हलेना. मग त्यानं विचारलं, हे कोणी केलं. लोकांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

तो बैहर-बालाघाट बसवर कंडक्टर होता. ते नाव त्याच्या आत्याचं होतं, लग्नाआधीचं. आत्या आता साठीला आली होती, बैहरच्या पुढं बिरसाला राहत होती, आणि तिनं बालाघाटचा हा मंडप पाहिलेलाही नव्हता. त्याच्या बसमधले दोन प्रवासी थट्टा करत होते, की बैहरच्या कोण्या बाईचा दिवा सगळ्या गावानं पेटवला आहे. नाव ऐकून तो चमकला आणि पाहायला आला. तो ओरडला नाही. हिंदीत, अगदी हळू विचारत होता, की तिचं नाव इथं कसं आलं, आणि ज्यांनी या तारा लावल्या ते तिचे कोण लागतात.

भैयांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. मी समजावू लागले, की ही एक कलाकृती आहे, लोकांनी स्वतः नावं लावायची असतात, हल्ली इंटरनेटवर जे चालतं त्यावर हे भाष्य आहे. बोलता बोलता माझं मलाच ते पोकळ वाटायला लागलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"कला आपकी है मॅडम," तो म्हणाला. "नाम तो हमारे घर का है ना."

 पोरं मागं सरकली होती. तेवढ्यात सतरंजीवरच्या बायांमधून आई उठली आणि आमच्याकडं आली. ती कंडक्टरला म्हणाली, "भैया, मैंने लिखा है."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आई त्याच्यासमोर उभी राहून, आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत सांगू लागली. ती आणि त्याची आत्या बैहरच्या शाळेत एका बाकावर बसायच्या. अर्ध्या वर्षातच आजोबांची बदली झाली, सामान ट्रकवर चढलं, शाळेला तेव्हा सुट्टी होती. निरोप घेता आला नाही. पुढं कुठं शोधायचं ते कळलं नाही. मुलीचं आडनाव लग्नानं बदलतं, गाव बदलतं. मग ती माझ्याकडं वळली आणि मराठीत बोलली, जणू हे नाव का लावलं, असं मीच विचारलं होतं.

"सगळे आपापल्या दोस्ताईची नावं लावून राह्यले होते. मले लावायले एकच नाव होतं."

 कंडक्टरनं थोडा वेळ आईकडं पाहिलं आणि विचारलं, की आत्या तेव्हा दिसायला कशी होती. आई म्हणाली, डाव्या भुवईवर व्रण होता. भावाची सायकल पळवून नेली आणि नाल्याच्या उतारावर पडली तेव्हाचा. मागं कॅरिअरवर मीच बसले होते. ती पडली तरी रडली नाही, मी लागलं नसताना रडले.

तो भाऊ म्हणजे याचे वडील. कंडक्टर हसला. सायकलची ती गोष्ट त्यांच्या घरात अजून सांगतात, असं म्हणाला. पण त्या गोष्टीत मागं कोणी बसलेलं नसतं. मग त्यानं विनंती केली, की नाव काढून टाका. आईनं स्वतः एक एक चिमटा काढला. दिवा पांढऱ्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा लाल झाला. शेवटी उरली ती तिची स्वतःची वायर, शेजारच्या काकूंच्या चौकटीवरच्या वायरींच्या मागून लपवून आणलेली. ती काढून तिनं चिठ्ठी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, त्यांना दाखवा, आणि त्यांची इच्छा असेल तरच मला कळवा.

घरी येताना बाबा सायकल हातात धरून तिच्या बाजूनं चालत होते. ते एवढंच म्हणाले, की इतक्या वर्षांत मले सांगितलं असतं तर मी एक्स्चेंजमधून पता लावला असता. आई म्हणाली, तुम्ही कधी विचारलं होतं का.

विसर्जन झालं, आमचा गणपती वैनगंगेत गेला, आणि त्यानंतर कंडक्टर एक दिवस घरी निरोप घेऊन आला, की आत्यानं बोलावलं आहे. आईनं नवीन साडी काढली, ती पुन्हा ठेवली आणि रोजचीच धुतलेली नेसली. मी सोबत गेले. त्याच्याच बसनं बैहर, तिथून दुसऱ्या बसनं बिरसा. घाट सुरू झाला, दोन्हीकडं उंच सालवृक्ष उभे राहिले आणि खिडकीतून गार हवा यायला लागली. आई वाटेत अस्वस्थ होती. तिनं मला विचारलं, की त्यांनी विचारलं इतकी वर्षं काय केलं, तर काय सांगू. मी म्हटलं, संसार केला म्हण. ती म्हणाली, ते तर सगळ्याच करतात.

आत्या आश्रमशाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. जाड चष्मा, पांढरे केस मागं घट्ट बांधलेले. त्या फाटकापर्यंत आल्या, आईचे दोन्ही हात धरले, आत नेलं, पाणी दिलं, पोहे दिले. भुवईवरचा व्रण मला चष्म्याच्या वरून दिसला. पण त्या आईकडं ज्या तऱ्हेनं पाहत होत्या, त्यात काहीतरी शोधल्यासारखं होतं. थोड्या वेळानं त्यांनी सरळच सांगितलं.

"बहन, बुरा मत मानना. मैं तीन दिन से याद कर रही हूँ. आप मुझे याद नहीं आ रहीं."

त्या समजावू लागल्या. वनखात्याच्या कितीतरी मुली त्यांच्या वर्गात यायच्या, वडिलांच्या बदलीबरोबर जायच्या. कोणी वर्षभर, कोणी त्याहून कमी. नंतर स्वतः शिक्षिका झाल्यावर तर किती पोरी समोरून गेल्या. त्यात सगळे चेहरे मिसळून गेले.

मला आईकडं बघवेना. वाटलं, आता उठावं आणि परतीची बस धरावी. आईनं पोह्याची बशी खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावर मला वाटलं होतं तसं दुःख नव्हतं. ती थोडी गोंधळली होती, आणि मग तिनं विचारलं, "पर आपको अपना तो याद है ना? वह इमली का पेड़?"

आत्यांना चिंचेचं झाड आठवत नव्हतं.

आई सांगू लागली. शाळेमागं चिंचेचं झाड होतं, त्यावर चढायला मुलींना बंदी होती, आणि आत्या चढून वर बसायच्या नि खालून हेडमास्तर जाताना पानं टाकायच्या. एकदा तपासणीला साहेब आले तेव्हा त्यांनी उभं राहून विचारलं होतं, की आमच्या वर्गाला फळा का नाही. आणि पुढच्या महिन्यात फळा आला होता. आत्या चष्मा काढून ऐकत होत्या. त्यांनी आतून ती चिठ्ठी आणली, आईसमोर धरली आणि विचारलं, "मैं सचमुच किसी से नहीं डरती थी?"

"किसी से नहीं," आई म्हणाली.

आत्यांनी चष्मा लावून चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी आणखी विचारलं. मी गात होते का. माझी आई कशी होती, तिला तुम्ही पाहिलं होतं का. आईनं पाहिलं होतं. आत्यांची आई लवकर गेली होती आणि तिचा एकही फोटो घरात नव्हता. माझ्या आईला तिच्या हातातल्या बांगड्यांचा रंगसुद्धा आठवत होता. ती दुपार मी एका कोपऱ्यात बसून काढली. एक बाई दुसरीला तिचंच लहानपण सांगत होती, आणि दुसरी ते पहिल्यांदा ऐकत होती. परतीच्या बसची वेळ झाली तेव्हा आत्यांनी आईला विचारलं, की पुन्हा कधी येणार.

आई पुन्हा गेली, आणि या वेळी एकटी गेली. त्याआधी ती बालाघाटच्या बाहेर एकटी गेल्याचं मला आठवत नाही. मग ते दर एक-दोन महिन्यांनी व्हायला लागलं. बाबा तिला बस स्टँडवर सोडायचे आणि कंडक्टरला सांगायचे, की खिडकीची जागा द्या.

बोर्ड मी पुढं नागपूरला एका प्रदर्शनात नेला. तिथं पाहणाऱ्यांनी त्याची स्तुती केली. कोणी म्हणालं, की मैत्रीचा बाजार मांडलाय त्यावर छान टीका आहे. मी हो म्हटलं. ती टीका होतीच, मी ती ठरवूनच केली होती. पण कोणी जास्त खोलात विचारलं की मी बैहरच्या नावाची गोष्ट सांगायची. नंतरच्या वर्षांत मी अशी आणखी काही कामं केली, फोनची, आरशांची, लोकांच्या आवाजांची. प्रत्येक वेळी मांडून झालं की मी बाजूला खुर्ची टाकून बसते आणि पाहते, की लोक त्याचं काय करतात. मी ठरवलेलं फार क्वचित करतात.

आई आणि आत्यांचं एकदा भांडणही झालं. आई बिरसाहून आली ती फणकारतच. झालं असं, की आत्या आता त्या दिवसांबद्दल स्वतःहून बोलू लागल्या होत्या. आईबद्दलही. म्हणाल्या, तू शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचली होतीस, हिरवा परकर घालून, आणि मध्येच पाय घसरला तरी नाचत राहिलीस. आई म्हणत होती, की मी कधी नाचलीच नाही, माझ्याकडं हिरवा परकर नव्हता, ही दुसऱ्या कोणाची गोष्ट आहे. आत्या म्हणत होत्या, की तूच ती, मला आता सगळं आठवतंय. त्यांना खरंच आठवत होतं, की त्या आईला काहीतरी परत देऊ पाहत होत्या, हे मला कधी कळलं नाही. आईलाही नाही. आम्ही दोघींनी त्यावर बरंच डोकं चालवलं.

काही महिन्यांनी माझ्या शाळेतल्या एक शिक्षिका घरी आल्या होत्या. मुलींच्या नाचाचा विषय निघाला. आई चहा गाळत होती. तिनं मागं न वळता सांगितलं, की लहानपणी बैहरला मी एकदा नाचले होते. मध्येच पाय घसरला, पण मी काही थांबले नाही.